दोरीवरचे हात

आमच्या शेजारच्या गजभिये कंपाउंडरच्या दोरीवर कपडे कधी दिसले नाहीत. तिथं हात वाळत. दवाखान्यातले टाकाऊ रबरी हातमोजे, आत पांढरं मलम भरलेलं, मनगटाले दोरा बांधून बोटं खाली. भिलाईची मे महिन्यातली झळ आली की ती बोटं हळूहळू हलत. माझी बायको त्या बाजूचं दार उघडत नसे.

"मलम उन्हात फुटते का, ते पाहून राहिलो," गजभिये काका म्हणत.

"बाटलीत पाहा ना."

"बाटलीले बोटं असतात का?"

मलमात तेल, पाणी अन् मेणासारखा एक इमल्सिफायर असे. त्याले ते 'मध्यस्थ' म्हणत. "तेल-पाण्याचं जमत नाही. हा मधात बसला की दोघं नांदतात." प्रत्येक मलम आधी स्वतःच्या दंडावर, शाईचा चौकोन आखून. खाज नाही सुटली तर पास. मग ज्याच्यासाठी केलं त्याचं नाव मोज्यावर.

एका दुपारी एका मोज्यावर माझं नाव दिसलं. मी तर काही मागितलं नव्हतं. मी त्याच्याकडं बोट दाखवलं.

"तुले लागन," काका म्हणाले.

चार दिवसांत बांधकामावरच्या सिमेंटनं माझे तळवे फाटले. पोलाद कारखान्यात दोरानं अवजड सामान चढवणाऱ्या खलाशाच्या परीक्षेले पंधरा दिवस होते, दोर चढून दाखवायचा होता. नाही जमलं तर बिस्तरा बांधून भंडाऱ्याले परत. रक्ताळलेले हात घेऊन मी काकांकडे गेलो.

"माझं मलम द्या."

"नाही."

"कावून?"

"मध्यस्थ धड चामडीवर बरा. फाटल्या चामडीतून आत शिरला त काय करन, मले ठाऊक नाही. ठाऊक नाही ते मी लावत नाही."

"मग लावत बसा त्या मुडद्यांच्या हातांले," मी चिडून बोललो.

 पण दुसऱ्या दिवसापासून काका रोज संध्याकाळी माझ्या घरी येत. उकळून गार केलेल्या पाण्यानं तळवे धुवून साधी पट्टी बांधत. बाराव्या दिवशी चामडी भरली. दोर मी पुढं चढलो, नोकरीही लागली.

त्या बाराव्या दिवशी त्यांनी माझ्या नावाचा मोजा उतरवला अन् दोन्ही तळव्यांले मलम लावलं. ते जिरलं तरी माझा उजवा हात त्यांच्या हातातच होता.

"रबर उन्हानं तापते," ते हळूच म्हणाले. "हा आपसूक गरम हाय."

 या माणसाचा हात कित्येक वर्षांत कोणी धरला नसन.

"काका," मी म्हटलं, "डाव्याले राहिलं ना."

डाव्याले लावून झालं होतं. काकांलेही ते ठाऊक होतं. त्यांनी डावा हात घेतला.