किड्यांना नोटीस

जयानं तिसऱ्या दिवशीही तोंड उघडलं नाही. मोरीच्या कठड्यावर ती ओठ घट्ट मिटून बसली होती आणि तिचे वडील, दत्ताराम पालव, पेस्ट लावलेला ब्रश हातात धरून समोर उभे होते.

"अगं, दाढ दुखते ना? मग घासायला नको?"

जयानं मान हलवली. नको.

"तिला काय विचारत बसलात? धरा आणि घासा!" जयाची आई मालन ओट्याजवळून ओरडली. "शाळेची वेळ झाली तिची."

धरून घासणं दत्तारामच्या स्वभावात नव्हतं. मुलुंडच्या चांदणे वसाहतीच्या कचेरीत तो कारकून होता खरा, पण त्याचं अर्धं मन नेहमी खिडकीबाहेर असायचं. टाइपरायटरवर बोटं चालत असायची आणि हा मात्र समोरच्या डोंगरावर सावलीसारखा सरकणारा ढग बघत असायचा.

गेल्या आठवड्यात दातांच्या डॉक्टरांनी जयाच्या तोंडात टॉर्च मारून सांगितलं होतं, "उजव्या दाढेत किड्यांनी घर केलंय. सकाळ-संध्याकाळ घासायचं, म्हणजे घर पडेल त्यांचं." डॉक्टर बोलून मोकळे झाले. पण आदल्याच महिन्यात नाल्याकाठच्या झोपड्या पाडल्या होत्या आणि जयाची मैत्रीण शेवंती डोक्यावर भांडी घेऊन आईच्या मागून भांडुपला निघून गेली होती.

"पप्पा," जया मिटल्या ओठांतून पुटपुटली, "त्यांना नोटीस दिली का?"

"कुणाला?"

"किड्यांना. तुम्ही लोकांना देता तशी. न सांगता कसं पाडायचं?"

दत्तारामला हे पटलं. दिवसभरात एवढं मुद्देसूद बोलणं त्याच्या कानावर क्वचितच पडायचं.

दुपारी कचेरीत पंखा कुरकुरत होता. भाडेकरूंच्या नोटिसा टाइप करता करता दत्तारामनं एक वेगळा कागद चढवला. डोळ्यांसमोर जयाची दाढ आली. एवढीशी पांढरी चाळ, खिडक्यांतून मिणमिणते दिवे, दोरीवर वाळत घातलेले इवलेसे कपडे. बोटं आपोआप चालू लागली.

'श्री. किडे, खालचा मजला, उजवी बाजू. आपण गोळ्या-चॉकलेटांच्या जिवावर विनापरवाना जागा पोखरली आहे. तीन दिवसांत बिऱ्हाड हलवावे. अन्यथा सकाळ-संध्याकाळ घासून जागा साफ करण्यात येईल.'

कागद काढून त्यानं शेजारी ठेवला आणि पुन्हा ढगाकडे बघत बसला. शेजारी नोटिसांचा गठ्ठा होता. थोड्या वेळानं गठ्ठा रेगेसाहेबांच्या टेबलावर गेला. साहेबांनी फोनवर बोलता बोलता सगळ्यांवर सह्या ठोकल्या आणि शिपाई लहू तो वाटायला घेऊन गेला.

संध्याकाळी दत्ताराम टेबलाखाली वाकून शोधू लागला. "लहू, इथे एक कागद होता. किड्यांचा."

"तो ना? दिला की," लहू म्हणाला. "बिल्डिंग नंबर घातला नव्हता तुम्ही. पण आपल्याकडे किडे एकच. तीन नंबरमधले राजाराम किडे. तळमजला, उजव्या हाताला. सही पण आणलीय."



दुसऱ्या दिवशी कचेरी उघडायच्या आधीच राजाराम किडे दारात हजर होते. पन्नाशीचे, गोलमटोल, डोळे तारवटलेले.

"बायको रडतेय हो सारखी," ते म्हणाले. "घासून साफ करणार म्हणजे? ही काय भाषा झाली? मला साहेबांना भेटायचंय."

"किडेसाहेब, ऐका जरा, ती नोटीस तुमची नाहीये—"

"नाव माझं, मजला माझा, बाजू माझी! मग कुणाची?"

ते सरळ आत गेले. मागून दत्ताराम. आता नोकरी गेली हे त्याला स्पष्ट दिसत होतं. गावाकडचं घर, अंगणातला माड, तिथे आपण रिकामे बसलोय, हेही दिसत होतं, आणि ते काही अगदीच वाईट दिसत नव्हतं.

रेगेसाहेबांनी नोटीस हातात घेतली. एकदा वाचली. पुन्हा वाचली. सही त्यांचीच होती, आणि न वाचता सही केली असं भाडेकरूसमोर कबूल करणारे ते साहेब नव्हते.

"मग?" ते गंभीरपणे म्हणाले. "यातलं काय खोटं आहे?"

किड्यांचा चेहरा उतरला. "खोटं नाही हो. पण मागच्या खिडकीचं तुम्हाला कळलं कसं?"

साहेबांना काहीच कळलं नव्हतं, म्हणून ते गप्प राहिले. त्या गप्पपणानं किडे खचले. मागचा व्हरांडा फळ्या ठोकून बंद केला, भिंत फोडून खिडकी काढली, तिथून वसाहतीच्या पोरांना लिमलेटच्या गोळ्या, चॉकलेटं, बोरकूट विकतो, हे सगळं त्यांनी आपणहून सांगितलं.

"फळ्या आजच काढतो. भिंतही बुजवतो. माल भावाकडे गावाला पाठवतो. पण घासू नका, साहेब."

ते गेल्यावर साहेबांनी चष्मा काढला. "पालव, ही भाषा कुणाची?"

"माझी, साहेब."

"चांगली आहे. लोकांना समजते. पुढच्याही अशाच लिहा."

दत्ताराम तरंगत घरी आला. उन्हं तिरपी होऊन मोरीपर्यंत पोचली होती.

"जया, किडे चालले. सामान बांधतायत. मी डोळ्यांनी बघितलं."

"रडत होते?"

"थोडे. पण गावाला भाऊ आहे त्यांचा."

 मग जयानं भलंमोठं तोंड उघडलं. दत्तारामनं अलगद ब्रश फिरवला, वर, खाली, आतल्या बाजूनं. उन्हात फेसाचे बुडबुडे लुकलुकले. खळखळून चूळ भरून तिनं आरशात दात बघितले, आणि वळून म्हणाली, "आता तुम्ही आ करा."

"मी कशाला?"

"करा ना!"

दत्तारामनं आ केला. रोजची सुपारी, चहा, आणि विसरलेल्या कितीतरी सकाळी तिथे साठल्या होत्या. जयानं त्याची हनुवटी धरून आत डोकावलं.

"आई! लवकर ये! इथे तर बाजार भरलाय!"

मालन हात पुसत आली, आत बघितलं, आणि दत्तारामचा ब्रश काढून त्यावर पेस्ट लावून तिनं तो जयाच्या हातात दिला. दत्तारामला निदान दोन शब्द बोलायचे होते, पण जयाचा हात तोवर थेट मागच्या दाढेपर्यंत पोचला होता.