हाकेला ओ

दातांच्या डॉक्टरांनी इलेक्ट्रिक गाडी घेतली त्याला सव्वादोन वर्षं झाली होती, आणि त्यांच्या फोनमधलं 'हाक' नावाचं बटण पहिल्या दिवसापासून करड्या रंगाचं होतं. ते निळं झालं, की हाक मारल्यावर गाडी पार्किंगमधून आपली आपण निघून मालकासमोर येऊन उभी राहणार होती. शोरूमच्या मॅनेजरने तसं छातीठोकपणे सांगितलं होतं. "पुढच्या अपडेटमध्ये येतंय, सर." या एका वाक्यावर डॉक्टरांनी ती गाडी घेतली होती. नाहीतर तिचा रंग त्यांना अजिबात आवडला नव्हता.

त्यानंतर अपडेट सात आले. पहिल्याने पडद्यावरच्या घड्याळाचे आकडे जरा गोल केले. दुसऱ्यापासून भर उन्हात वायपर आपले आपण काच पुसायला लागले. तिसऱ्याने दुसऱ्याचं निस्तरलं. पुढच्या चारांनी काय केलं ते कुणालाच कळलं नाही. 'हाक'समोर मात्र 'लवकरच' एवढाच शब्द ठाण मांडून बसला होता. डॉक्टर रोज सकाळी चहाचा कप घेऊन गॅलरीत उभे राहत, ते करडं बटण दाबत आणि खाली बघत. गाडी ढिम्म हलत नसे.

"अरे, या घरात हाक मारल्यावर कोण येतं?" बायको म्हणायची. "लेक येत नाही, तू येत नाहीस. गाडीला आपल्या घरचं वळण लागलंय, एवढंच."

डॉक्टर स्वभावाने भिडस्त. शोरूममध्ये ते एकोणीस वेळा भांडायला गेले होते आणि एकोणीस वेळा मॅनेजरचे आभार मानून परत आले होते. मॅनेजरचं बोलणंच तसं होतं. साखरेने सुद्धा त्याच्याकडे शिकवणी लावावी.

त्या रविवारी डॉक्टर सासूबाईंना घेऊन निघाले होते. सासूबाईंचं वय चौऱ्याहत्तर, नजर शाबूत, आणि अकरा वाजता ज्येष्ठांच्या बुद्धिबळ स्पर्धेची अंतिम फेरी. समोर एक निवृत्त पोस्टमास्तर होते, आणि त्यांनी गेली तीन वर्षं सलग सासूबाईंना हरवलं होतं. वाटेत डॉक्टरांचा फोन वाजला.

"डॉक्टर, मी शोरूमचा मॅनेजर. मेलो. अक्कलदाढ. रात्रभर डोळ्याला डोळा नाही."

"मी आत्ता बाहेर आहे हो."

"मी तुमच्या दवाखान्याच्या पायरीवर बसलोय."

स्पर्धेचा हॉल दवाखान्यापासून पाच मिनिटांवर होता आणि वाजले होते सव्वादहा. डॉक्टरांनी हिशेब केला. इंजेक्शन द्यायचं, ते चढेपर्यंत आईंना सोडून यायचं, मग दाढ काढायची. दहा मिनिटांसाठी कुठे पार्किंग शोधत बसायचं म्हणून त्यांनी गाडी इमारतीच्या तळघरातून वर येणाऱ्या उतारावरच, सावलीत आडवी लावली.

"आई, दहा मिनिटं बसता?"

"बसते. तुमच्या त्या यंत्राच्या घुर्र आवाजापेक्षा इथेच बरी." सासूबाईंनी काच दोन बोटं खाली केली आणि पिशवीतून लोहचुंबकाचा छोटा पट काढून मांडीवर ठेवला.

वर मॅनेजर खुर्चीत आडवा झाला. गाल असा सुजलेला, की चेहऱ्याच्या एका बाजूला तो पाहुणा वाटत होता. डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं, दाढेशी कापसाचा बोळा ठेवला आणि मग त्यांच्या लक्षात आलं, की सव्वादोन वर्षांत हा माणूस पहिल्यांदाच त्यांच्यासमोर गप्प आहे.

"काय मग," डॉक्टर हातमोजे सारखे करत म्हणाले, "हाक कधी येतेय?"

"आं आं," मॅनेजर म्हणाला.

आणि त्याच क्षणी टेबलावरचा फोन किणकिणला. 'आठवा अपडेट तयार आहे. आता सुरू करायचा?'

डॉक्टरांच्या अंगात एकदम विशीतला उत्साह संचारला. "आला हो. विचारायला आणि यायला एकच गाठ." हातात मोजे होते म्हणून त्यांनी वाकून नाकाच्या शेंड्याने 'आत्ता' दाबलं.

मॅनेजर खुर्चीत ताडकन उठून बसला. दोन्ही हात जोरजोरात हलवत "आई! आई!" असं काहीतरी म्हणायला लागला. डॉक्टर गहिवरले. "अहो, आईची आठवण येण्याइतकं दुखतंय का? थांबा, चढेल आता."

मॅनेजरला 'नाही' म्हणायचं होतं. ते 'नाही' बधिर ओठांतून बाहेर पडताना वाटेत 'न' सांडून आलं होतं. पण योगायोगाने तो शब्द खराही होता, कारण पुढच्याच मिनिटाला डॉक्टरांच्या फोनवर सासूबाईंचं नाव उमटलं.

"जावईबापू, गाडीतला पडदा काळा झालाय. त्यावर 'अपडेट चालू आहे, पन्नास मिनिटं, कृपया गाडीत बसू नये' असं लिहिलंय. उतरायला गेले तर दार उघडत नाही. आता मी नेमकं काय करावं अशी गाडीची अपेक्षा आहे?"

डॉक्टर तीन-तीन पायऱ्या एकदम उतरले. मागोमाग गळ्यात निळा रुमाल आणि तोंडात बोळा असलेला मॅनेजर. डॉक्टरांनी चारही दारं ओढून पाहिली. फोन दाबला. गाडीला समजावलं, मग दटावलं. गाडीने एकदा दिवे मिचकावले आणि आरसे कानासारखे मिटून घेतले.

तोवर उताराच्या खालच्या बाजूला पहिल्या मजल्यावरच्या वकिलांची मोटार येऊन थांबली. तिच्यामागे पार्लरवाल्या बाई, त्यांच्या मागे कुणाचातरी टेम्पो.

"बाजूला घ्या हो," वकील काच खाली करून म्हणाले. "अशील तिकडे हॉटेलात वाट बघतंय. आज रविवार असून बोलावलंय त्याला."

"घेतली असती, पण ती स्वतःत सुधारणा करतेय," डॉक्टर म्हणाले.

"रस्त्यात?"

मॅनेजर मधे आला आणि हातवारे करू लागला. "आआच्या ईशाआली अट्टी," तो कळवळून म्हणाला. कुणाला काही बोध होईना. डॉक्टरांनी खिशातून चिठ्ठ्यांचं पॅड आणि पेन काढून त्याच्या हातात दिलं. मॅनेजरने भराभर लिहिलं आणि कागद पुढे केला. इतक्या वर्षांची सवय हाताला. त्यावर लिहिलं होतं, 'आपल्या तक्रारीची नोंद घेण्यात आली आहे.'

डॉक्टरांनी आयुष्यात पहिल्यांदा दातओठ खाल्ले. मॅनेजरचं मॅनेजरलाच वाईट वाटलं. त्याने तो कागद फाडून दुसरा लिहिला. पण हे वाक्य हाताच्या सवयीचं नव्हतं, आणि अक्षर असं उमटलं की डॉक्टर म्हणाले, "अहो, हे काय अक्षर आहे?"

"डॉक्टरांनी हे म्हणावं म्हणजे कमाल आहे," तळमजल्यावरचा औषधवाला दुकानातून बाहेर येत म्हणाला. त्याने चिठ्ठी घेतली, एकदाच नजर फिरवली आणि घडाघडा वाचली. "दाराच्या खिशाखाली पट्टी आहे. ती ओढली की दार उघडतं."

सगळ्यांनी सुटकेचा श्वास टाकला. डॉक्टर काचेच्या फटीशी वाकले. "आई, दाराच्या खिशाखाली हात घाला."

पण मॅनेजर तिसरी चिठ्ठी लिहीत होता. औषधवाल्याने तीही वाचली. "दार उघडलं तर अपडेट पुन्हा पहिल्यापासून. परत पन्नास मिनिटं. तोवर गाडी जागची हलणार नाही."

"आत्ता किती झालंय?" वकिलांनी विचारलं.

"एकतीस टक्के," आतून सासूबाई म्हणाल्या.

सगळे आळीपाळीने सासूबाईंकडे आणि आपापल्या घड्याळाकडे बघू लागले. एका वृद्ध बाईला गाडीतच बसून राहा म्हणायचा धीर कुणाला होईना, आणि बाहेर या म्हणायची इच्छाही होईना. तेवढ्यात डॉक्टरांच्या बायकोचा फोन आला.

"तू माझ्या आईला गाडीत कोंडलंस?"

"मी नाही, अपडेटने."

"कुणी दाबलं ते?"

"नाकाने," डॉक्टर म्हणाले, आणि पलीकडून फोन ठेवल्याचा आवाज आला.

शेवटी निर्णय सासूबाईंनीच घेतला. "पट्टी मला सापडली आहे. जीव घुसमटला तर ओढीन. वारा येतोय, सीट मऊ आहे. पण अकरा वाजले की तिकडे माझं घड्याळ सुरू होईल, आणि तो पोस्टमास्तर न खेळता जिंकेल. ते मी जिवंतपणी होऊ देणार नाही." त्यांनी संयोजकांना फोन लावला. संयोजक म्हणाले, फोनवरून चाली सांगितल्या तर चालेल, पण कुणी मदत करत नाही हे बघायला तिकडे एक जबाबदार माणूस हवा.

सगळ्यांच्या नजरा वकिलांकडे वळल्या.

"माझं अशील बसलंय," वकील म्हणाले. मग त्यांनी पुढे मागे पाहिलं. मागे टेम्पो, पुढे सासूबाई. त्यांनी अशिलाला फोन करून पुढची तारीख दिली. ते काम त्यांना नवीन नव्हतं.

अकराला डाव सुरू झाला. वकील काचेशी उभे राहून सासूबाईंची प्रत्येक चाल फोनमध्ये खणखणीत आवाजात सांगत होते आणि पोस्टमास्तरांची चाल आत कळवत होते. पहिल्या दहा चालींपर्यंत लोक गाडीकडे बघून चरफडत होते. पंधराव्या चालीला टेम्पोवाला पुढे आला. अठराव्या चालीला पार्लरमधून केसांना अर्धाच रंग लागलेली एक बाई खाली उतरली आणि म्हणाली, "घोडा का नाही मारला?"

"साक्षीदाराला सूचना देऊ नये," वकील कडाडले.

सासूबाईंना तहान लागली. काचेची फट दोन बोटांची. डॉक्टर धावत वर गेले आणि लाळ ओढायची एक नवीकोरी नळी पाकीट फोडून घेऊन आले. नळीचं एक टोक आत, दुसरं पाण्याच्या ग्लासात. सासूबाई पाणी ओढता ओढता पटाकडे बघत होत्या आणि मॅनेजर ग्लास धरून उभा होता. ग्राहकसेवा करताना त्याला इतकं मनापासून आजवर कुणी पाहिलं नव्हतं.

पन्नास मिनिटांची साठ झाली, सत्तर झाली. आकडा नव्व्याण्णववर चढला आणि तिथे चिकटून बसला. इकडे पोस्टमास्तरांनी हत्ती पुढे काढला आणि सासूबाईंचा राजा कोपऱ्यात सापडला. फोनमधून पोस्टमास्तरांचा खोकला ऐकू येत होता. जिंकायला आले की ते खोकतात, असं सासूबाईंनी सगळ्यांना सांगितलं.

तेवढ्यात गाडीने टुण्ण केलं. आरसे उघडले, दिवे लागले, दाराची कुलुपं खटाखट सुटली.

"झालं," डॉक्टर आनंदाने म्हणाले आणि त्यांनी दाराला हात घातला. "चला, गाडी काढतो."

"खबरदार," वकील म्हणाले. "गाडीला हात लावू नका."

"अहो, पण तुम्हालाच जायचं होतं ना?"

"पट हलेल," टेम्पोवाला म्हणाला आणि डॉक्टर आणि दार यांच्यामध्ये उभा राहिला.

सासूबाई अकरा मिनिटं विचार करत होत्या. उतारावर नऊ माणसं, तीन वाहनं, आणि मोकळी झालेली गाडी, सगळी थिजून उभी. मग त्यांनी हळूच आपला वजीर उचलून पोस्टमास्तरांच्या हत्तीसमोर नेऊन ठेवला. वकिलांनी घसा साफ करून चाल सांगितली. पलीकडे खोकला थांबला. मग पोस्टमास्तरांनी वजीर मारला, आणि सासूबाई पटाकडे न बघताच म्हणाल्या, "घोडा पुढे. मात."

टेम्पोवाल्याने वकिलांना मिठी मारली. अर्ध्या रंगाच्या बाईंनी पार्लरवाल्या बाईंचे हात हातात घेतले. सासूबाई गाडीतून उतरल्या, साडी नीट केली, आणि बक्षीस घ्यायला वकिलांच्या मोटारीतून गेल्या. वकिलांनी तसा आग्रहच धरला. जावयाच्या गाडीवर त्यांचा भरवसा उरला नव्हता.

उतार मोकळा झाल्यावर डॉक्टरांनी फोन उघडला. 'आठवा अपडेट यशस्वी. नवीन काय: पडद्यावरच्या गाडीच्या चित्राला आता सावली पडेल.' हाकेचं बटण करडंच होतं. त्यांनी मॅनेजरकडे पाहिलं. मॅनेजरने गाल चाचपला. गाल त्याच्या हाताला परत कळायला लागला होता.

दोघं वर गेले. मॅनेजर खुर्चीत बसला. डॉक्टरांनी बोळा काढला.

"आता बोलता येतंय?"

"येतंय."

"मग सांगा. हाक कधी येणार?"

मॅनेजरने नेहमीसारखं हसायचा प्रयत्न केला, पण गालाने साथ दिली नाही. तो छताकडे बघत म्हणाला, "नाही येणार, डॉक्टर. त्यासाठी पुढे दोन कॅमेरे लागतात. तुमच्या गाडीला ते बसवलेलेच नाहीत. अपडेटने कॅमेरे उगवत नाहीत."

"तुम्हाला हे कधीपासून माहीत आहे?"

"तुमच्या चौथ्या खेपेपासून."

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही इतक्या आशेने यायचात. तोंडच उघडेना."

डॉक्टर राग येण्याची वाट बघत उभे राहिले. तो काही आला नाही. उलट सव्वादोन वर्षं ठणकणारं काहीतरी मुळासकट बाहेर आल्यासारखं त्यांना मोकळं वाटलं. त्यांनी फोनमधून हाकेचं बटण असलेलं ते पान काढून टाकलं, हात धुतले, नवे मोजे चढवले आणि दुसरं इंजेक्शन भरलं.

"डॉक्टर," मॅनेजरने खुर्चीचे हात धरत विचारलं, "दुखणार नाही ना?"

बावीस वर्षांच्या धंद्यात डॉक्टरांनी हा प्रश्न रोज ऐकला होता, आणि रोज एकच उत्तर दिलं होतं, की मुंगी चावल्यासारखं वाटेल, बस्स. ते उत्तर आजही त्यांच्या जिभेवर आलं. त्यांनी सुई जरा खाली घेतली आणि समोरच्या सुजलेल्या, खरं बोललेल्या तोंडाकडे पाहिलं.

"दुखेल," ते म्हणाले. "चांगलंच दुखेल."

मॅनेजरने डोळे घट्ट मिटले. "सांगितलंत ते बरं झालं," तो म्हणाला आणि त्याने निमूटपणे आ वासला.