खोलीचं कॅरेक्टर

खंडेरावांच्या बैठकीच्या खोलीत बसायला खुर्ची नव्हती. घरात चार खुर्च्या होत्या, चांगल्या सागवानी, वेताने विणलेल्या, वत्सलाबाईंच्या वडिलांनी लग्नात दिलेल्या. पण त्या माळ्यावर पालथ्या पडल्या होत्या. कारण खंडेराव बोहेमियन झाले होते.

ही लागण त्यांना मुंबईत झाली. एरवी सातपूरच्या एका कारखान्यात ड्रॉइंग बोर्डापुढे उभं राहून नटबोल्टांच्या आकृत्या काढणारा सरळमार्गी माणूस. कंपनीने त्यांना महिनाभर ट्रेनिंगला पाठवलं काय, तिथे कुणी तरी त्यांना एका चित्रकाराच्या घरी चहाला नेलं काय! परत आले ते दाढी आणि कलंदर राहणीचा 'बोहेमियन' हा एक शब्द घेऊन. नव्याचे नऊ दिवस असतात म्हणतात. खंडेरावांचे नऊ दिवस वर्ष उलटलं तरी संपेनात.

खिडक्यांना गोणपाटाचे पडदे लागले. एका भिंतीवर ठिगळांची विटकी गोधडी आली, तर समोरच्या भिंतीवर आरसे लावलेला लमाणी घागरा खिळे ठोकून पसरला गेला. दाराला जुन्या लुगड्यांच्या पट्ट्या टांगल्या होत्या. येणाऱ्याच्या तोंडावरून त्या अशा फिरत, की दूधवाला उंबऱ्याबाहेरूनच हाका मारू लागला. दिव्यावर लाल फडकं होतं, त्यामुळे संध्याकाळी पेपर वाचता येत नसे. मधोमध बैलगाडीचं मोडकं चाक. गावाकडे जळणात निघालेलं हे चाक खंडेरावांनी नांदगावहून एसटीच्या टपावर टाकून आणलं होतं.

खोली विसकटलेली दिसली पाहिजे, असा नियम होता. मात्र विसकटायची ती खंडेरावांनीच. ते एक उशी फेकत, मागे सरून एक डोळा मिटून बघत, पुन्हा जाऊन ती चार बोटं सरकवत. वत्सलाबाईंनी चुकून चादरीची घडी घातली की ते कळवळून ओरडत, "केलंस मध्यमवर्गीय! गेलं खोलीचं कॅरेक्टर!" मध्यमवर्गीय ही त्यांची सर्वांत घाण शिवी होती. स्वतःचा पगार, प्रॉव्हिडंट फंड आणि दर शनिवारचं तेल लावून न्हाणं मात्र तिच्यातून वगळलेलं होतं.

त्यात त्यांच्या आई, धोंडाबाई, नांदगावहून गुडघ्याच्या औषधपाण्यासाठी आल्या. खाली बसलं की म्हातारीला उठता येईना आणि वर बसायला घरात काही नाही. शेवटी त्यांनी स्वयंपाकघरातला तांदळाचा डबा पकडला. दिवसभर त्या डब्यावर बसत. वत्सलाबाईंना भात लावायचा असला की सासू उठवावी लागे.

"वत्सला, मी आपली गावाला जाते कशी," त्या रोज म्हणत. "तिथं बसाया ओटा तरी हाय."

वत्सलाबाईंना ते ऐकवत नसे. त्यांनी एकदा धीर करून विषय काढला, "अहो, एक तरी खुर्ची खाली काढू या का? आत्याबाईंसाठी."

"खुर्ची!" खंडेरावांनी दाढी कुरवाळली. "बरी आठवण केलीस. मुंबईच्या एका मासिकाच्या संपादकबाई गुरुवारी येतायत. दिवाळी अंकात 'कलावंताची खोली' म्हणून आपली खोली छापणार आहेत, फोटोसकट! एकदा अंक निघाला की सुतार बोलावतो. चारी खुर्च्यांचे पाय कापू आणि वीतभर ठेवू. लो सीटिंग!"

आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास. एकदा अंकात छापून आलं की ही खोली जन्मभर अशीच राहणार, हे वत्सलाबाईंना कळून चुकलं. वडिलांनी सुताराकडे चार खेपा घालून करवून घेतलेल्या त्या खुर्च्या वीतभर उंचीच्या झालेल्या त्यांच्या डोळ्यांपुढे उभ्या राहिल्या, आणि त्यांना रडू आलं. रागही आला. रडू आवरलं, राग तसाच राहिला.

गुरुवार उजाडला. पावसाळ्याने गोधडीला असा कुबट वास सुटला होता, की कलावंतानेही नाक मुरडलं. मोरीशी उभं राहून, तोंडात ब्रश तसाच ठेवून त्यांनी हुकूम सोडला.

"आई, वत्सला, नीट ऐका! आज खोली आवरायची. पण कॅरेक्टर जाता कामा नये! बोहेमियन तेवढं सगळं भिंतीवरून काढा, झटका आणि उन्हात दाराशी ठेवा. पुढचं मी बाईंना घेऊन आलो की बघतो."

तोंडातल्या फेसातून 'बोहेमियन' कसाबसा 'बोहाऽयन' म्हणून बाहेर पडला. वत्सलाबाई सकाळच्या शाळेला शिकवायला निघाल्या होत्या, त्यांनी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. तांदळाच्या डब्यावरून धोंडाबाई मात्र म्हणाल्या, "बरं बाबा, काढते. देवानं तुला बुद्धी दिली म्हणायची!" आणि सून चपला घालत होती तेव्हा हळूच विचारलं, "खोलीचं क्यारेक्टर म्हंजी काय गं? ते बाईमाणसाचं असतंय ना?"

दुपारी शाळा सुटून वत्सलाबाई घरी आल्या, तो ओट्यावर बाजार भरलेला. पायरीवर नवसाबाई बोहारीण बसली होती. शेजारी स्टीलच्या भांड्यांची पाटी, पुढ्यात कपड्यांचा हा ढीग. गोधडी दोन्ही हातांनी उन्हात धरून ती आरपार बघत होती. धोंडाबाई दाराच्या चौकटीला टेकून उभ्या होत्या.

"आजी, ह्याच्यात काय राह्यलंय? निस्त्या चिंध्या! ह्याला चाळणी बी नाय यायची."

"नीट बघ की! सहा लुगड्यांचे थर हायेत तिच्यात."

"हायेत. पन सहाच्या सहा मेल्याली." नवसाबाईने गोधडी बाजूला टाकली आणि आरशांचा घागरा उचलला. "आन् ह्यो कुनाचा? सुनंचा?"

"नाय गं बाई! भितीला लावला हुता."

"भितीला? घागरा?" नवसाबाईने दोन बोटं गालाला लावली. "कुनी येडं हाय का घरात?"

धोंडाबाईंनी आवाज खाली आणला. "लेक हाय. कंपनीत ड्रॉइंग काढतोय."

वत्सलाबाईंच्या हातातली छत्री गळून पडली. "आत्याबाई, हे काय चालवलंय?"

"अगं, खंडूच नाय का बोलला सकाळी? बोहारणीचं तेवढं सगळं काढा, झटका आन् दाराशी ठेवा म्हून. मी म्हटलं, ठेवायचं कशाला, गल्लीत आलीच हाय तर देऊनच टाकावं. परात चांगली देतीय बघ."

ढिगात गोणपाटाचे पडदे होते, पट्ट्या होत्या, लाल फडकंसुद्धा होतं. वत्सलाबाईंनी दारातून आत पाहिलं. खिडकीतून सरळ ऊन आलं होतं आणि खोलीला चार पांढऱ्या भिंती आहेत हे बऱ्याच दिवसांनी दिसत होतं. एक शब्द बोलायचा अवकाश, सगळं परत भिंतीवर गेलं असतं. त्यांना क्षणभर नवऱ्याची दया आली. मग खुर्च्यांचे पाय आठवले.

त्या पायरीवर टेकल्या, पदर खोचला आणि म्हणाल्या, "नवसाबाई, एवढ्या मालावर नुसती परात? झाकणाचा एक डबा टाक वर. नाही तर उचल तुझी पाटी."

"ताई, गोनपाट हाय ह्याच्यात, गोनपाट!"

"पण आरसे किती आहेत ते मोज."

नवसाबाईने कपाळावर हात मारून घेतला आणि डबा काढून दिला.

पुढचं काम झपाट्याने झालं. चाक घरंगळत परसात गेलं. शेजाऱ्याला हाक मारून माळ्यावरच्या खुर्च्या उतरवल्या, ओल्या फडक्याने पुसल्या आणि त्यांच्यावर विणलेले रुमाल टाकले. सप्तशृंगीच्या फोटोचं कॅलेंडर एका खिळ्यावर गेलं. गोधडीचा खिळा तेवढा रिकामा राहिला. धोंडाबाई जपून एका खुर्चीत बसल्या, पाठ टेकली आणि डोळे मिटून घेतले. वत्सलाबाईंना वाटलं, आता काय व्हायचं ते होवो.

चार वाजायच्या सुमारास दारात टांगा थांबला. पुढे संपादकबाई उतरल्या. धिप्पाड देह, गळ्यात कॅमेरा, आणि खांद्यावर ती गोधडी! हातात घागरा. मागून खंडेराव येत होते, मर्तिकाहून परतल्यासारखे.

"अहो, काय तुमचं नाशिक!" बाई उंबऱ्यातूनच बोलू लागल्या. "कोपऱ्यावर उंबराखाली एक बाई बसली होती, बोहारीण. काय तिचा माल! टांगा थांबवला आणि हे दोन्ही घेऊनच टाकलं. तिचे फोटोही काढले. मला म्हणते कशी, हा घागरा एका घरात भिंतीला ठोकला होता, कुणीतरी येडं आहे!" बाई खदखदून हसल्या. "खरंच आहे. पांघरायची वस्तू भिंतीला ठोकायची, हा कसला दिखाऊपणा? तुम्हीच सांगा, खंडेराव."

"दिखाऊपणाच," खंडेराव म्हणाले. तोंड दाबून बुक्क्यांचा मार, दुसरं काय! तो वेडा मीच, असं म्हणायला जी छाती लागते ती दाढीबरोबर उगवत नाही.

मग त्यांची नजर खोलीत गेली. पांढऱ्या भिंती, रुमाल घातलेल्या चार खुर्च्या, कॅलेंडर, आणि फडताळात नवी कोरी परात.

बाई तोवर खुर्चीत बसल्याही होत्या. "हुश्श! मुंबईत ज्या कलावंताकडे जावं, तो मेला जमिनीवर बसवतो. उठताना दोघांना धरावं लागतं मला." त्यांनी चहाचा घोट घेतला. "हं, दाखवा आता. तुमची ती खोली कुठे आहे?"

"हीच," खंडेराव पुटपुटले.

"ही?"

"म्हणजे... आज जरा आवरली. आवरताना तिचं कॅरेक्टर गेलं."

धोंडाबाई खुर्चीत ताठ झाल्या. "गेलं बिलं काय नाय, बाई! माझ्या सुनंचं क्यारेक्टर चांगलं हाय. आख्ख्या गल्लीला इचारा!"

बाईंनी दोन कप चहा घेतला, खोलीचा एकही फोटो न काढता त्याच टांग्यातून स्टेशन गाठलं. त्या रात्री खंडेराव जेवले नाहीत. "कुणी दिलं ते?" एवढंच त्यांनी विचारलं. "तूच बोलला बोहारणीचं काढा म्हून," असं आईने सांगितल्यावर ते बराच वेळ दाढी ओढत बसले. खुर्चीतच बसले, कारण दुपारी उन्हात टाकलेल्या बैठकीच्या गाद्या अजून परसातच होत्या.

दिवाळी अंक आला. मधल्या पानावर, पान भरून, नवसाबाई! गोधडी मांडीवर, घागरा खांद्यावर, तोंडात पान. वर ठळक अक्षरांत छापलं होतं, 'अस्सल बोहेमियन'. वत्सलाबाईंनी मोठ्याने वाचायला सुरुवात केली. लेखाच्या शेवटी एक ओळ होती: 'जवळच्याच एका टापटीप मध्यमवर्गीय घरात उत्तम चहा मिळाला. खुर्च्या आरामशीर होत्या.'

खंडेरावांनी ती ओळ स्वतः पुन्हा वाचली. मध्यमवर्गीय! तेही छापील, आणि साऱ्या महाराष्ट्रात. दुसऱ्या दिवशी त्यांनी दाढी काढली. सुताराचं नाव त्यानंतर त्यांच्या तोंडून कुणी ऐकलं नाही.

पण माणूस मोठा चिवट. आठवड्याने त्यांनी नवसाबाईचं ते पान फ्रेम करून आणलं आणि गोधडीच्या रिकाम्या खिळ्यावर लावलं. आता घरी कुणी आलं की ते खुर्चीत रेलतात, फोटोकडे बोट दाखवतात आणि सहज बोलल्यासारखं म्हणतात, "त्यातली गोधडी आणि घागरा आमच्याकडचा बरं का."

आणि शेजारच्या खुर्चीतून धोंडाबाई पुस्ती जोडतात, "आन् त्यात लिहिलेल्या खुर्च्या बी आमच्याच."