शिडाची बोट, आष्टी ते बंधारा

जालना जिल्ह्यात शिडाची बोट किती जणांकडे आहे? मला माहीत असलेला एकच. मी! एकोणीस फूट लांब, दोघांना झोपता येईल अशी केबिन, आणि वर पांढरंशुभ्र शीड. अलिबागहून जुनी आणली, पण आष्टीच्या बाजारात उभी केली तेव्हा नवरीसारखी दिसत होती. समुद्र लांब आहे, हे लोक मला असं ऐकवतात, जसा काही तो मीच तिकडे सरकवलाय!

सासरे साहेबराव मात्र म्हणाले, "जावईबापू, रविवारी दिवस मावळायच्या आत ही पाण्यावर तरंगताना दिसली, तर मानलं. न्हाई तर माझ्या गोठ्यात आणून टाका. म्हशी पाणी पितील."

गोदावरीच्या बंधाऱ्यावर माझ्या बायकोचं, वंदनाचं, अख्खं माहेर जमणार होतं. मी नोंदवही उघडली. कप्तान लोक ठेवतात तशी.

सकाळी ९.१०. वारा: बरा. पाणी: शून्य. वेग: ट्रॅक्टर ओढेल तितका. मागे ट्रेलरवर बोट, बोटीवर ताडपत्री, शेजारी मडगार्डवर बायको.

११.३०. ट्रॅफिक जाम. पुढे तीस-चाळीस ट्रॅक्टर. आम्हीही शिस्तीत मागे थांबलो.

१२.३०. अजून जाम.

"आवो, ह्या समद्या ट्रॉल्यांत ऊस हाय," वंदना म्हणाली.

"हंगाम हाय. असणारच!"

"अन् ही लाइन कारखान्याच्या गेटात जाऊन राह्यली."

१२.४० ते १.१५. ह्या वेळेबद्दल लिहिण्यासारखं काही नाही.

*(मी वंदना लिहिते. ह्यांनी रिव्हर्स घेतला. स्टेअरिंग एकीकडे, बोट भलतीकडे! ट्रॅक्टर अन् बोट विळ्यासारखे मुडपले, रस्ता बंद. पुढच्या ट्रॅक्टरचे ड्रायव्हर ख्वाजामियाँ दोन दिवसांपासून लाइनीत होते. ते उतरून आले. "भाईसाब, ताडपत्री के नीचे क्या है?" हे म्हणाले, "बोट." "तो कारखाने कू काय कू लाए? रस निकालने?" शेवटी पंधरा जणांनी ट्रेलरची पिन काढून बोट हातानं ढकलली अन् गेटाच्या आत मैदानात नेली.)*

१.२०. मैदान. ताडपत्री काढली मात्र, गर्दीच गर्दी! ड्रायव्हर आले, काट्यावरचे बाबू वजनं सोडून आले. एकानं तर हात जोडले!

"ये चलता कैसे?" ख्वाजामियाँनी विचारलं.

आता हे कप्तानाला विचारायचं? मी दोऱ्या सोडल्या, चौघांना हाताशी घेऊन डोलकाठी उभी केली, खाली उतरलो आणि ऐटीत शीड वर ओढलं. टाळ्या! मी छाती फुगवली. वाऱ्याने शीड फुगवलं. ट्रेलरच्या चाकाखाली दगड लावायचा असतो, हे मला नेमकं त्याच क्षणी आठवलं.

वेग: माणसाच्या पळण्यापेक्षा जास्त.

"आवो, धरा की!" वंदना ओरडली.

कशाला धरू? पुढे उतार, उताराखाली कारखान्याचं गरम पाणी थंड करायचं तळं. ट्रेलर बांधाला धडकून थांबला. बोट थांबली नाही!

आणि वाचकहो, ती तरंगली! भोवती कारंजी उडताहेत, वाफा निघताहेत, मधोमध माझी बोट. डोळे भरून आले माझे. वंदनाने तेवढ्यात वडिलांना व्हिडिओ कॉल लावला होता.

"तरंगली की!" साहेबराव ओरडले. मागे अख्खं माहेर ओरडलं. "मानलं, जावईबापू! पर तुम्ही कुठं हायत?"

"मी काठावरून सूचना देऊन राह्यलो, मामा!"

मग कारखान्याचे इंजिनियर आले. बोट पाहिली, मला पाहिलं, आणि शांतपणे म्हणाले, "गाळप बंद झाल्याशिवाय तळं रिकामं होत नाही. मार्चअखेर या. तोवर तळ्याजवळ कुणी यायचं नाही."

आता दर रविवारी सासरची मंडळी तारेच्या कुंपणाबाहेर उभी राहतात. "आमच्या जावयाची!" साहेबराव येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवून सांगतात. मी डोलकाठी दाखवतो, सुकाणू दाखवतो, वाऱ्याचं गणित समजावतो.

परवा मेहुणी तृप्तीने विचारलं, "दाजी, पाण्यावर तिच्यात बसलं की कसं वाटतं हो?"

मी तार घट्ट धरली आणि ताठ मानेने म्हणालो, "लई भारी वाटतं, म्हणतात!"