फाटकाचा प्रश्न

शांतता घाईगडबडीनं होत नसते, हे ज्यांच्या घरी शांतता आहे त्यांना फार चांगलं समजतं. म्हणून तर जगभरातले अनुभवी लोक आम्हा पॅलेस्टिनींना ते समजवायला आवर्जून येतात. आमच्या गावात आजवर बत्तीस कार्यशाळा झाल्या. (नळ एकच, आणि तोही मंगळवारी.) सगळ्यांचा स्थानिक समन्वयक मी, त्यामुळे सांगताना ऊर भरून येतो.

आयर्लंडकडून आम्ही शिकलो, की एकत्र बसून चहा प्यावा. दक्षिण आफ्रिकेकडून, की मनातलं बोलून टाकावं. कोलंबियाकडून, की बंडखोरांनी आधी जंगलातून बाहेर यावं. आमच्याकडे जंगल नाही, ही त्रुटी अहवालात नोंदवली आहे.

पण सगळ्यांत मोलाचा निघाला तो भिंतीवरचा पिवळा कागद. कुणी अवघड प्रश्न विचारला, की तज्ज्ञ म्हणतात, "वा! फार छान प्रश्न!" आणि तो त्या कागदावर लिहितात. वर शीर्षक, 'नंतर घेऊ'. दालनात तत्काळ शांतता पसरते. असे दोनशे सहा प्रश्न आम्ही मार्गी लावले.

बत्तिसाव्या कार्यशाळेला मी शेजारच्या उम्म जौदतमावशींना हातापाया पडून आणलं. किमान एक महिला हवी, असा नियम आहे. मावशींची चाळीस ऑलिव्हची झाडं सैन्यानं घातलेल्या कुंपणापलीकडे. तोडणीसाठी सैनिक तिथलं फाटक वर्षातून तीनच दिवस उघडतात, दुपारी तीन ते चार. पहिले दोन दिवस किल्लीच सापडली नाही. आमची कार्यशाळा तिसऱ्या दिवशी होती.

अडीच वाजता मावशी टोपली घेऊन उठल्या. "चालले रे बाबा."

या खेपेला बेलफास्टहून आलेले तज्ज्ञ कळवळले. "ताई, काही प्रश्न आहे का?" (दुभाषा मीच.)

"प्रश्न कसला मेला! तीनला फाटक उघडतं. वर्षभराचं तेल आहे माझं तिकडे."

"वा! फार छान प्रश्न!" त्यांनी तो लिहून घेतला.

मी मात्र घाबरलो. समारोपाच्या फोटोत महिला नको का? "मावशी, एवढा फोटो होऊ द्या. फाटक कुठे पळून जातंय?"

"फाटक नाही रे पळत, गाढवा, वेळ पळते."

तरी बिचाऱ्या माझ्या शब्दाखातर बसल्या. फोटोत आधी ऊन डोळ्यांवर आलं, मग हस्तांदोलन कुणी कुणाशी करायचं यावर तीन गट पडले. आम्ही धावत पोचलो तेव्हा चार वाजून सहा मिनिटं झाली होती. कुलूप लावून सैनिक म्हणाला, "आजी, आता पुढच्या वर्षी."

मावशी टोपली पालथी घालून तिच्यावर बसल्या आणि पलीकडे काळीभोर लगडलेली झाडं बघत राहिल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. एवढ्यात तज्ज्ञ धापा टाकत आले आणि त्यांनी तो पिवळा कागद फाटकालाच चिकटवला. छान चिकटला.

कार्यशाळेला पाचपैकी पावणेपाच गुण मिळाले. पाव गुण मावशींनी दिला नाही.

आता तुम्ही इथवर वाचलंत, म्हणजे तुमच्याही मनात आलं असेल, की अहो, ते फाटक अजून तासभर उघडं ठेवा, असं कुणी सांगत का नाही?

वा! फार छान प्रश्न. लिहून घेतो.