मऊ तळहातांचा महासंघ

ज्या गोष्टीत ज्याचा जीव अडकलेला असतो, त्याच्या हाती त्या गोष्टीचा निर्णय कधीही देऊ नये, हे तत्त्व सगळ्या सुसंस्कृत समाजांनी मान्य केलेलं आहे. पण ते थेट तळहातापर्यंत नेण्याचा मान एकट्या राष्ट्रीय नौकानयन महासंघाकडे जातो.

नौकानयन हा देशाचा राष्ट्रीय खेळ. महासंघाला एक्केचाळीस जिल्हा संघटना संलग्न आहेत आणि प्रत्येकीला एक मत आहे. त्यांपैकी सहा जिल्ह्यांत नाव तरंगेल इतकं पाणी आहे. (बाकीच्या पस्तीस जिल्ह्यांत पिण्यापुरतं आहे, तेही एक दिवसाआड.) कोरड्या पस्तिसांपैकी बावीस संघटनांकडे लेटरहेड आहे, नऊ संघटनांचा मिळून एक टेलिफोन आहे, आणि उरलेल्या चारही संघटनांचे अध्यक्ष एकच गृहस्थ आहेत. या चार संघटनांत आजवर मतभेद झाल्याची नोंद नाही.

फार पूर्वी मतदानाला वल्हवणारेही येत. नावा गळतात म्हणत, वल्ही तडकलीत म्हणत, आणि चहा यायच्या आत आवाज चढवत. थोडक्यात, खेळात त्यांचे हितसंबंध गुंतलेले होते. म्हणून घटनेत नियम चौदा आला: ज्याच्या तळहाताला घट्टे आहेत, त्याला मत नाही. तेव्हापासून सभागृहाच्या दारात एक टेबल असतं आणि टेबलामागे महासंघाचे मानद त्वचारोगतज्ज्ञ बसतात. मतदाराने हात पुढे करायचा, डॉक्टरांनी त्यावर अंगठा फिरवायचा, आणि हात मऊ लागला तर बोटाला शाई लावायची. अध्यक्षांचा तळहात डॉक्टर इतरांना नमुना म्हणून दाखवतात. (अध्यक्ष सतरा वर्षं अध्यक्ष आहेत. पोहता येत नसल्यामुळे ते पाण्याजवळ जात नाहीत.) पाणी असलेले सहा जिल्हेही शहाणे झाले आणि औषधविक्रेते, वकील वगैरे पाठवू लागले.

तरीही घटना उदार आहे. तिच्यात खेळाडूंच्या प्रतिनिधीसाठी बेचाळिसावी जागा राखीव आहे. अट एकच, त्याला घट्टे नसावेत. ही जागा आठ वर्षं रिकामी होती, आणि वार्षिक अहवालात दर वर्षी खेळाडूंच्या उदासीनतेबद्दल खेद व्यक्त होत असे.

त्या जागेवर मावशीचा डोळा गेला. मावशी पाणीपुरवठा कार्यालयात लिपिक होती. बावीस वर्षं तिने स्वतः वल्हवलं होतं आणि आता तलावावर आठ मुलींचा चमू तयार करत होती. त्यातली एक तिची सख्खी भाची. ती मावशी म्हणते म्हणून बाकीच्या सातजणी मावशी म्हणू लागल्या, आणि पुढे कार्यालयातले साहेबही. मुली तीन वर्षं पहाटे पाण्यात उतरत होत्या, आणि या खेपेला राष्ट्रीय चाचणीत त्यांना तोड नाही हे तलावाकाठच्या म्हशींनासुद्धा कळत होतं.

तेवढ्यात महासंघाची नोटीस आली. चाचणी पाण्यावर घेतल्याने पाणी असलेल्या जिल्ह्यांना अन्याय्य फायदा मिळतो, सबब ती यापुढे बंद सभागृहात घ्यावी. नावा लाकडी घोड्यांवर ठेवाव्यात. खेळाडूंनी हवेत वल्हवावं. कोण पुढे गेलं असतं, हे प्रतिनिधींनी हात वर करून बहुमताने ठरवावं. खेळाच्या मूळ स्वरूपाला हात घालणारा ठराव असल्याने त्याला निदान वर्षभराची नोटीस आणि पूर्ण एकमत आवश्यक होतं. एक मत विरोधात पडलं की ठराव बारगळणार होता.

मावशीने दुसऱ्याच दिवशी वल्हं खाली ठेवलं. घरात भांडी नवरा घासू लागला. कार्यालयात ती रबरी हातमोजे घालून फायली हाताळू लागली, तेव्हा शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी आपला डबा थोडा लांब सरकवला. सकाळ-संध्याकाळ ती तळहातांवर दुधाची साय चोळी. बावीस वर्षांचे घट्टे एकेक करून सोलून निघाले. ती काठावर हात खिशात घालून उभी राही आणि तिथूनच मुलींवर ओरडे.

"मावशी, एक फेरी तरी मार ना आमच्याबरोबर," भाची म्हणाली. "तुझा जीव तळमळतोय, दिसतंय मला."

"गप वल्हव. हात मऊ होतायत माझे, मध्ये बोलू नकोस."

जीव तळमळत होताच. कित्येकदा ती रिकाम्या नावेत नुसती बसून यायची, वल्ह्याला न शिवता.

सभेच्या दिवशी डॉक्टरांनी तिच्या तळहातावर अंगठा फिरवला आणि चष्मा वर केला.

"वा. काय लावता हो?"

"साय."

"चालू ठेवा," डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी शाई लावली.

आत बेचाळीस खुर्च्या होत्या. (चार संघटनांच्या गृहस्थांना चार खुर्च्या होत्या. त्यांतल्या तिसरीवर ते बसत.) अध्यक्षांनी ठराव वाचला. बाजूने एक्केचाळीस मतं पडली, त्यासाठी गृहस्थांना चार वेळा हात वर करावा लागला. मग अध्यक्षांनी, केवळ पद्धत म्हणून, विरोधात कोण असं विचारलं आणि पाण्याचा ग्लास उचलला. मावशीचा हात वर होता.

ग्लास तसाच राहिला. सतरा वर्षांत विरोधात हात पाहण्याची कुणाला सवय नव्हती. एकदोघांना वाटलं, बाईंना बाहेर जायचं असेल. वर्षभरात पहिल्यांदाच मावशीला आपले हात आवडले.

सचिव अदबीने उठले. त्यांच्या हातात घटनेची प्रत होती.

"मावशी, गैरसमज नको, एक औपचारिकता. वल्हं शेवटचं कधी हातात धरलंत?"

मावशीला खोटं बोलता येत नव्हतं. "तेरा महिने झाले."

"नियम नऊप्रमाणे खेळाडू म्हणजे ज्याने गेल्या बारा महिन्यांत वल्हवलेलं आहे तो. म्हणजे आपण खेळाडू नाही. मग आपण खेळाडूंच्या प्रतिनिधी कशा?"

"वल्हवलं असतं तर घट्टे आले असते."

"मग आपण खेळाडू असता."

"पण मला मत नसतं."

"अगदी बरोबर बोललात," सचिव म्हणाले, आणि त्यांना खरोखरच बरं वाटलेलं दिसलं. मावशीच्या शहाणपणाबद्दल कौतुकाची नोंद इतिवृत्तात झाली. ठराव एकमताने मंजूर झाला.

मावशी तिथून थेट तलावावर गेली. सभेच्या कपड्यांतच नावेत बसली आणि ऊन उतरेपर्यंत वल्हवत राहिली. परत आली तेव्हा वल्ह्याच्या मुठी लाल झाल्या होत्या.

"मावशी, हात बघ तुझे," भाची म्हणाली आणि रडू लागली.

"फुटले तर फुटले. आता कुणाला दाखवायचेत?"

चाचणी रीतसर सभागृहात झाली. मुलींचा सातवा क्रमांक आला. हवेत वल्हवताना त्यांनी घाम गाळला, हे परीक्षकांना असभ्य वाटलं. पहिला क्रमांक ज्या जिल्ह्याचा आला, तिथे नाव कुणी पाहिलेली नाही.

वर्तमानपत्रांनी थोडी टीका केली की मतदानात सामान्य माणसाला स्थान नाही. महासंघाला टीका सहन होत नाही, म्हणून त्याने ताबडतोब सुधारणा केली. आता देशातल्या प्रत्येक मऊ तळहाताला मत आहे. अर्ज लागत नाही, शाई लागत नाही, यायचीही गरज नाही. जो येत नाही, त्याचं मत ठरावाच्या बाजूने धरलं जातं. चाचणी पुन्हा पाण्यावर घ्यावी, असं निवेदन घेऊन आठ मुली आणि मावशी गेल्या महिन्यात सभेला गेल्या होत्या. हात पाहून त्यांना दारातच थांबवलं. आत निवेदन फेटाळण्याचा ठराव आला आणि कोट्यवधी मतांनी मंजूर झाला.

मावशीने त्या मतदारांची यादी मागवून घेतली आहे. कार्यालयात जेवणाच्या सुट्टीत ती एकेक नाव वाचते. कुणावर राग नाही तिचा, फक्त ही माणसं कोण, हे तिला जाणून घ्यायचं आहे.

हे वाचता वाचता आपण आपला तळहात एकदा पाहिलाच असेल. मऊ आहे ना? मग यादीत आपलं नाव आहे. त्या सभेला आपण आला नव्हतात. अध्यक्षांनी आपले मनापासून आभार मानले आहेत.