आप्पांचा लाल कॅमेरा

भोरमध्ये आप्पांकडून एकदा फोटो काढून घेतलेला माणूस पुन्हा त्यांच्या कॅमेऱ्यासमोर उभा राहत नाही. सगळंच लाल येतं. माझ्या निरोप समारंभाच्या फोटोत अख्खा शिक्षकवर्ग होळी खेळून आल्यासारखा दिसतो, मुख्याध्यापक तर जरा जास्तच.

कारण आप्पांनी कॅमेऱ्याच्या पोटातली एक काच काढून टाकली आहे. आभाळातले तेजोमेघ गडद लाल उजेडाचे आणि ती काच नेमका तोच उजेड अडवते, हे त्यांना कुठूनसं कळलं. चष्मा दुरुस्तीचा बारका स्क्रू-ड्रायव्हर घेऊन त्यांनी घरातला एकुलता एक कॅमेरा उघडला. तेजोमेघ म्हणजे ताऱ्यांमधला चमकणारा वायू, पण आप्पांची उभी हयात जमीनमोजणीत गेलेली. हातभर दुर्बिणीला कॅमेरा जोडतात आणि म्हणतात, "मृगातला गट हाय. आज हद्द कायम करायची." पालीकडं कुणी रिसॉर्टवाल्यानं झगझगीत दिवे लावले, तेव्हा 'आभाळात अतिक्रमण' असा अर्ज घेऊन ते सगळ्या कचेऱ्या फिरले. दिवे दरवर्षी वाढतायत आणि आप्पांचे तेजोमेघ पुसट होत चाललेत. मी पूर्वी या अर्जावर फार हसायचो.

सव्वा वर्षापूर्वी, थंडीत, त्यांनी मला आणि आपल्या बायकोला, म्हणजे काकूंना, टेम्पोत घालून आभाळ बघायला गुंजवण्याला नेलं. अंधाराला अवकाश होता. "उजेड हाय तवर एक काढतो," म्हणत त्यांनी काकूंना बांधावर बसवलं. काकूंना फोटोचं वावडं, कॅमेरा दिसला की पदर तोंडावर. त्या दिवशी मात्र सरळ बघितलं. फोटो अर्थातच लाल आला. आम्ही तिघंही पोट धरून हसलो.

पुढच्याच उन्हाळ्यात काकू गेल्या.

आता वर्षश्राद्ध आलंय आणि भिंतीवर लावायला तेवढा एकच फोटो आहे. फोटोवाला म्हणाला, लाल काढतो, पण साडी खरी कुठल्या रंगाची ते सांगा. साड्या तर तेराव्यानंतर रिवाजाप्रमाणं जावा-नणंदांनी वाटून नेलेल्या. आप्पांनी एकेकीला फोन केला. एक म्हणाली मोरपंखी, दुसरी म्हणाली जांभळी, तिसरीला रडू आलं. कुठलातरी बरा रंग देऊन टाकू, असं फोटोवाल्यानं सुचवलं, तर आप्पा उठून आले. अंदाजानं हद्द टाकायची नाही, हा त्यांचा नोकरीतला नेम.

काल ते माझ्याकडे आले, कागद-पेन्सिल घेऊन.

"गुरुजी, एक फोटो काढला तेवढंच, बाकी म्या वर बघत व्हतो. तुमी तिच्या समोर बसला व्हता. साडी कुठल्या रंगाची व्हती?"

मला काकूंची थालीपिठं आठवली. लसणाची चटणी आठवली, ती मी दोनदा मागून घेतली होती. साडी काही केल्या आठवेना. हिरवी म्हणून मोकळं व्हावं असं वाटलं, पण आप्पांनी पेन्सिल कागदाला टेकवली होती. मला माझीच लाज वाटली.

"नाही आठवत, आप्पा."

त्यांनी कागदाची घडी करून खिशात ठेवली.

"मंग लालच लावतो," ते म्हणाले. "काच म्याच काढली."